खोडलेली मेथी

आमच्या लॅबमधल्या एका सीनियरने फ्रान्सच्या परिषदेहून येताना सोतर्नची अर्धी बाटली आणली. चौघांना दोन-दोन घोट आले. मी सवयीने वही काढली. आता तीच वही सोनगीरला घरी उघडून बसलेय आणि स्वतःच्याच नोंदीवर टीका करायचीय. संशोधनात येताय ना, मग एवढं वाचाच.

नोंद अशी: 'सोनेरी. जर्दाळू, मध, संत्र्याच्या सालीचा मुरंबा.' त्याच्या आधी एक शब्द खोडलेला आहे: मेथीचे लाडू.

का खोडला? बाटलीमागे जर्दाळू आणि मध छापलेलं होतं, मेथी नव्हती. शिवाय चौघांत आपणच 'लाडू' म्हणायचं म्हणजे गावठी दिसेल. म्हणजे माझी नोंद वाइनची नव्हतीच, लेबलची होती.

गंमत पुढे आहे. सोतर्न ही सेमियाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ आणि थोडी म्युस्कादेल अशा द्राक्षांच्या मिश्रणातून होते. पिकलेल्या घडांवर बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी मुद्दाम येऊ देतात. ती सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडतं, साखर दाटते. अशा वाइनमध्ये सोटोलॉन नावाचा रेणू सापडलेला आहे. मेथीदाण्याच्या वासामागे मुख्यतः हाच रेणू!

पण लगेच टाळ्या वाजवू नका. रेणू असतो, म्हणून मला त्याचाच वास आला, हे सिद्ध होत नाही. नाशिकची सुलाची लेट हार्वेस्ट शनँ ब्लाँ मी प्यायलेय, तिच्यात मला मेथी जाणवली नव्हती. हाही पुरावा नाही. द्राक्षाची जात वेगळी, हवामान वेगळं, गोडवा आणायची रीतही वेगळी. सगळंच एकदम बदललं, तर फरक कशामुळे पडला हे सांगणार कसं? त्रिकोणी चाचणी हवी: तीन बिनलेबलचे पेले, दोन सारखे, एक वेगळा. अंदाजपंचे सांगितलं तरी तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून पुन्हा पुन्हा करायची.

आणि लेबलची भुरळ फक्त मलाच पडते असंही नाही. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगात सेमियाँ-सोव्हिन्याँचीच पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने लाल केली होती. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं.

वाइन कशी होती म्हणाल, तर छान. बासुंदीची दुसरी वाटी नकोशी होते, तसं इथे होत नाही. मागून आंबटपणा येऊन जीभ धुऊन काढतो. 'तो सोव्हिन्याँचा,' सीनियर ठामपणे म्हणाला. एका पेल्यावरून? वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेले नमुने समोर नसताना?

(चुलतभावाने विचारलं, आपल्या पितळी पेल्यात का नाही प्यायलीस? भांड्यांच्या गावात राहून हे विचारतोय! बिनकल्हईच्या पितळेला आंबट चालत नाही.)

वहीत 'मेथीचे लाडू' पुन्हा लिहिलंय, आजची तारीख टाकून. जुनी खोडलेली ओळ तशीच ठेवलीय, वाचता येईल अशी.