वर्गणी की भाडे? कंपनीच्या ग्रंथालयातील ई-साधनांविषयी



भाईंदर पश्चिमेला राहणाऱ्या माणसाला लिव्ह अँड लायसन्स म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. गिरगाव-लालबागच्या चाळींतून इकडे आलेली कित्येक कुटुंबे पागडी बघून आलेली आहेत आणि इथे येऊन अकरा महिन्यांचे करारही बघितलेली आहेत. डिपॉझिट भरा, पोलीस स्टेशनला कळवा, आणि करार संपला की भिंतीत ठोकलेला खिळासुद्धा आपला नाही. आज आम्हाला जे बोलायचे आहे ते एवढेच आहे; फक्त घराच्या जागी पुस्तक ठेवा.

संयोजकांनी विषय दिला तो असा: कंपन्यांच्या ग्रंथालयांतील इलेक्ट्रॉनिक साधनांचे व्यवस्थापन. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात काय बोलायचे, असे आम्हालाही आधी वाटले. पण 'व्यवस्थापन' हा शब्दच आम्हाला खटकला. जी वस्तू आपली आहे तिचे व्यवस्थापन करता येते. जी आपली नाही, तिच्या अटी फक्त पाळता येतात. या विषयावरच्या लिखाणात पासवर्ड, लॉगिन, वापराची आकडेवारी हे सगळे असते. मुळात आपण घेतले काय, हा प्रश्न फारसा भेटत नाही.

आमची एक जुनी विद्यार्थिनी आहे. तत्त्वज्ञानात बी. ए. केले, मग ग्रंथालयशास्त्र शिकली आणि एका मोठ्या कंपनीच्या ग्रंथालयात वीस-बावीस वर्षे आहे. रोज सकाळी भाईंदरहून गाडी पकडते. तिच्या ग्रंथालयात रसायनशास्त्राच्या नियतकालिकांचे बांधीव खंड होते. ऑनलाइन वर्गणी सुरू झाली तेव्हा वरून हुकूम आला की जागा रिकामी करा. खंड रद्दीत गेले. पुढे खर्चकपातीचे वर्ष आले, वर्गणी बंद झाली. आणि तेव्हा कळले की चालू अंकच नव्हे, मागची सगळी वर्षेही गेली! ज्या वर्षांचे पैसे भरले होते तीसुद्धा. वर्गणी संपल्यावर जुने अंक वाचता येतील असे कलम करारात नव्हते, आणि सही करणाऱ्याने ते शोधले नव्हते.

मग एक दिवस कारखान्यातून इंजिनिअरचा फोन. एका अभिक्रियेचे तापमान कशाने हाताबाहेर जाते, यावरचा एक जुना लेख त्याला हवा होता. हा काही हौशी वाचक नव्हे. रिॲक्टरपाशी उभी राहणारी माणसे त्याच्या हाताखाली होती. लेख कुठल्या खंडात आहे हे तिला पाठ होते, कारण सूची तिनेच केलेली. एका लेखापुरते पैसे भरायला मंजुरी हवी, मंजुरीला आठवडा. तिने सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्याला फोन केला. दहा मिनिटांत पीडीएफ आली. रात्री तिने आम्हाला विचारले, "सर, मी चोरी केली का?"

उत्तर द्यायला आम्हाला बरेच दिवस लागले.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, तीत दायविभागाच्या आरंभीच चर्चा आहे की स्वत्व, म्हणजे मालकी, शास्त्राने ठरते की लोकव्यवहाराने. त्याचा कौल लोकव्यवहाराकडे. पुढे नैयायिकांनी स्वत्वाची व्याख्या केली ती यथेष्ट विनियोगाच्या योग्यतेवरून. साध्या मराठीत, जिचे आपण हवे ते करू शकतो ती आपली वस्तू. छापील अंकाला ही व्याख्या लावून बघा. तो वाचता येतो, शेजाऱ्याला देता येतो, बांधून ठेवता येतो, विकता येतो, मेल्यावर मुलाला देता येतो. ई-नियतकालिकाला लावा. देता येत नाही, विकता येत नाही, ठेवता येईलच असे नाही. मग पैसे भरून आपण घेतले ते काय? राहण्याची परवानगी.

म्हणून 'वर्गणी' हा शब्द इथे दिशाभूल करतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. तिथे कोणी वर्गणी भरायची सोडली तरी त्याच्या वर्गणीतून आलेले पुस्तक कपाटातच राहते, पुढच्याच्या कामी येते. एका पिढीची वर्गणी दुसऱ्या पिढीची ठेव होते. कंपनीची ई-वर्गणी म्हणजे नुसते भाडे. त्याला भाडे म्हणा. निदान लेखाविभागाला तरी नीट कळेल.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण 'ज्ञान सर्वांना फुकट हवे' ही घोषणा आम्हाला फार सोपी वाटते. अमेरिकेत टेक्साको या तेल कंपनीवर प्रकाशकांनी खटला भरला. कंपनीत चारशे-पाचशे संशोधक. त्यांतला एक नमुना म्हणून निवडला आणि उत्प्रेरकांवरच्या नियतकालिकातल्या आठ लेखांच्या त्याच्याकडच्या झेरॉक्सवर सगळा वाद झाला. त्यातले काही त्याने लगेच वापरलेही नव्हते, पुढे लागतील म्हणून फायलीत ठेवले होते. आपण सगळे हेच करतो की! १९९२ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आणि १९९४ मध्ये अपील न्यायालयाने, एका न्यायमूर्तींच्या विरोधासह, कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. कारण विचार करण्यासारखे आहे. प्रतींसाठी शुल्क भरण्याची व्यवस्था बाजारात उपलब्ध होती, आणि कंपनी या संशोधनावर पैसा कमावणार होती. लेग मेसन या दलाली संस्थेने तर एका वार्तापत्राची एकच वर्गणी घेऊन ते आपल्या कार्यालयांत वाटले, अंतर्गत संगणकजालावरही ठेवले. २००३ मध्ये ज्यूरीने सुमारे २ कोटी डॉलरची भरपाई लावली. एक वर्गणी, शेकडो वाचक. कंपनीने प्रकाशकाला बुडवावे आणि वर ज्ञानाच्या मुक्तीची भाषा करावी, हे आम्हाला मान्य नाही.

पण मग आपल्या सरकारची योजना बघू. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, सुमारे १.८ कोटी विद्यार्थी आणि संशोधक. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट ती सांभाळते. आम्ही तिचे स्वागतच करतो. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलाला हे मिळणे छोटी गोष्ट नाही. तरी दोन हरकती आहेत. हेही भाडेच आहे, फक्त घाऊक. आणि योजनेने देशाच्या मधोमध रेघ मारली: भाचा आत, मावशी बाहेर. मोठी कंपनी स्वतःचे भाडे भरेल, भरलेच पाहिजे. पण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान रासायनिक कारखान्याने काय करायचे? तिथे ग्रंथालय नसते, ग्रंथपाल नसतो, आणि अपघात झाला तर धूर आत-बाहेर असा भेद करत नाही. भारतीय मानक ब्यूरो आपली बहुतेक मानके विनामूल्य उतरवून घेऊ देते. सुरक्षेसंबंधीच्या लेखांसाठी तसा दरवाजा मागता येणार नाही का?

(आमचेही जाता जाता सांगतो. ज्या महाविद्यालयात आम्ही आयुष्य काढले, तिथला आमचा ऑनलाइन प्रवेश निवृत्तीच्या महिन्यातच बंद झाला. वाचनालयातला शिपाई मात्र अजून खुर्ची ओढून देतो.)

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिल्याच नियमाच्या विवेचनात त्यांनी युरोपातल्या साखळदंडाने बांधलेल्या पुस्तकांची आठवण काढली आहे. ती साखळी निदान डोळ्यांना दिसत होती. आता ती कराराच्या चौदाव्या पानावर असते, आणि ते पान ग्रंथपालाला दाखवतच नाहीत. सही खरेदीविभाग करतो. त्याला एका डाउनलोडला किती खर्च पडला, हा एकच आकडा कळतो. वर्षातून एकदा उघडलेला लेख त्या हिशेबात सगळ्यात महाग. अग्निशामक नळकांडे याच हिशेबाने कोणी काढून टाकत नाही.

तर तिच्या प्रश्नाचे उत्तर. आम्ही तिला सांगितले की हो, करार मोडला. तुझा नव्हे, भाच्याच्या संस्थेचा. त्या लेखाचे पैसे कंपनीकडून भरून घे आणि तशी लेखी नोंद ठेव. पण चूक तुझ्या फोनपासून सुरू झाली नाही. ज्या दिवशी खंड रद्दीत गेले आणि करार न वाचता सही झाली, त्या दिवशी ती झाली. तिला हे उत्तर पुरते पटलेले नाही. "त्या इंजिनिअरला आठवडाभर थांब म्हणायला हवे होते का?" असे ती विचारते. नाही, आम्ही तसे म्हणू शकत नाही. इथे आमचा युक्तिवाद लंगडा पडतो, हे कबूल करतो.

या वर्षी कंपनीने तीच वर्गणी पुन्हा घ्यायचे ठरवले. करार तिने सहीपूर्वी मागून घेतला आणि एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघांनी तो पेन्सिल घेऊन वाचला. भरलेल्या वर्षांचे अंक वर्गणी संपल्यावरही वाचता यावेत, एवढी एक ओळ घालावी म्हणून तिने प्रकाशकाला तीन पत्रे लिहिली. तिसऱ्या पत्राला उत्तर आले आहे: पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी विचार करू. करारावर अजून सही झालेली नाही.