ग्लासगोची कलाशाळा : एका वास्तूचे दोन पाठ

एखाद्या ग्रंथकारानें तारुण्यांत लिहिलेला ग्रंथ प्रौढपणीं पुन्हां हातीं घेतला, म्हणजे जुनीं अक्षरें तशींच राहतात आणि नवा विचार समासांत, ओळींच्या मधून, क्वचित् नव्या पानांवर उतरतो. हस्तलिखितें हाताळणारांस हें नित्य परिचयाचें आहे. वास्तूच्या बाबतींत असेंच घडल्याचें एक ठळक उदाहरण म्हणजे स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरची कलाशाळा. तिचा कर्ता चार्ल्स रेनी मॅकिंटॉश (१८६८–१९२८). ही इमारत आम्हीं प्रत्यक्ष पाहिलेली नाहीं. पुढील विवेचन आराखडे व छायाचित्रें यांच्या आधारें केलें आहे. एका प्रतिभेची एकसंध कृति म्हणून तिचा बहुधा गौरव होतो. तो गौरव आम्हांस अपुरा वाटतो. तिचें खरें मोल तींतील दोन पाठांच्या भेदांत आहे.

१८९६ सालीं या इमारतीच्या आराखड्यांची स्पर्धा झाली व ती हनिमन आणि केपी या पेढीनें जिंकली. मॅकिंटॉश त्या वेळीं पेढीचा भागीदार नव्हता. तो तेथें नोकरीस असलेला आरेखक होता. द्रव्य अपुरें असल्यामुळें १८९७ ते १८९९ या काळांत पूर्वेचा व मधला भाग तेवढा उठला. पश्चिमेचा भाग १९०७ ते १९०९ मध्यें पुरा झाला. मधल्या काळांत कर्ता पेढीचा भागीदार झाला, व्हिएन्ना येथील १९०० सालच्या प्रदर्शनांत त्याचें काम मांडलें गेलें, आणि हेलेन्सबर्ग येथें ‘हिल हाउस’ हें घर त्यानें बांधलें. सारांश, लेखणी पुन्हां उचलणारा हात तोच असला, तरी त्याचें वळण बदललें होतें.

पहिल्या पाठाची भाषा स्कॉटलंडच्या जुन्या गढ्यांची आहे. पूर्वेची भिंत म्हणजे दगडाचा भरीव विस्तार. आंतल्या खोलीस जेथें उजेड हवा, तेथेंच लहान खिडकी. उत्तरेकडे मात्र चित्रकारांस स्थिर प्रकाश लागतो, म्हणून प्रचंड खिडक्या घातल्या आहेत. प्रवेशद्वाराच्या एका बाजूस त्या तीन, दुसरीस चार. संख्येची समता साधण्यासाठीं आंतल्या गरजेस मुरड घातलेली नाहीं. खिडक्यांपुढील लोखंडी आधारांवर कांचा पुसणारांस फळी टेकवितां येई. त्याच आधारांच्या टोकांस वेलबुट्टीसारखी गुंफण आहे. अलंकार येथें उपयोगांतूनच उगवला आहे.

दुसऱ्या पाठांत भाषा पालटते. पूर्वेस भिंत मुख्य व खिडकी तिच्यांतील छिद्र. पश्चिमेस उंच, सरळ चढत जाणाऱ्या खिडक्याच भिंतीचें रूप ठरवितात. त्यांच्या आंतील ग्रंथालयांत लांकडी खांब उभे होते व सज्जा त्यांच्या ओळीपासून मागें ओढलेला होता. गढीची आठवण मागें पडून उभ्या-आडव्या रेषांचा मेळ पुढें आला. हा दुसरा हात पश्चिमेपुरताच थांबला नाहीं. त्यानें जुन्या भागावरही वरचा मजला चढविला, आणि पूर्वेस नवा जिना घातल्यामुळें पूर्वींची बाहेरची भिंत खिडक्यांसह आंत आली. समासांतील लेखन म्हणतात तें हेंच.

यावरून पहिला पाठ अपक्व व दुसरा सिद्ध, असा निर्णय देणें आम्हांस मान्य नाहीं. आंतल्या गरजेनें बाह्यरूप ठरवावें, हें सूत्र दोहोंत एकच आहे. पहिल्यांत तें परंपरेच्या शब्दांत मांडलें, दुसऱ्यांत कर्त्यास स्वतःचे शब्द सांपडले. पूर्वेची भिंत शेजारीं नसती, तर पश्चिमेच्या भिंतीचें धैर्य कळलें नसतें.

२३ मे २०१४ रोजीं ग्रंथालय जळालें. जीर्णोद्धार पुरा होत आला असतां १५ जून २०१८ रोजीं पुन्हां आग लागून सर्व इमारतीचा अंतर्भाग नष्ट झाला. २०२१ सालीं संस्थेनें ती पूर्ववत् उभारण्याचा पर्याय स्वीकारला. जळालेल्या पोथीची नकल मूळ पोथी होते काय, हा प्रश्न आपल्या वाचकांस नवा नाहीं. नकल करूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. तसें असतें तर आपलें निम्में वाङ्मय आज हातीं नसतें. पुण्यास भांडारकर संस्थेनें महाभारताची संशोधित आवृत्ति सिद्ध केली, ती उपलब्ध प्रती ताडून व पाठभेद तळटीपांत नोंदवून. व्यासांचें स्वहस्ताक्षर सांपडल्याचा दावा संपादकांनीं केला नाहीं, आणि त्यामुळें आवृत्तीचें मोल कमी झालें नाहीं.

तोच दंडक ग्लासगोस लागावा. आराखडे, छायाचित्रें व मोजमापें यांवरून इमारत खुशाल उभी करावी. परंतु दोन पाठांची शिवण बुजवूं नये, जिन्यांत आंत आलेली ती बाहेरची भिंत गुळगुळीत करूं नये, आणि नवें काम कोणतें व कोणत्या सालचें, तें वास्तूवरच नोंदवावें. प्रामाणिक लेखनिक नकलेच्या शेवटीं पुष्पिका लिहितो. ती पुसून जुन्या पोथीच्या भावानें नकल विकणारास आपण काय म्हणतों, हें वाचकांस सांगावयास नको.