जीव कोणाचा, तो गमवायचा कोणी?

जो आपला जीव राखू पाहतो तो त्याला मुकतो आणि जो तो सोडतो त्याचा वाचतो, या आशयाचे येशूचे वचन मार्क, मत्तय आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आले आहे. व्यासपीठावरून ते शतकानुशतके सांगितले गेले. समोर कोण बसले आहे, हे मात्र सांगणाऱ्यांनी क्वचितच पाहिले. ज्याच्यापाशी जमीन, घराणे, प्रतिष्ठा आहे त्याला 'सोड' म्हणणे वेगळे. ज्याचा जीवच मालकाच्या वहीत किमतीसह नोंदला गेला, त्या गुलामाने सोडायचे काय?

हा प्रश्न हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मचिंतकाने १९४९ साली 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' या पुस्तकात भिडवला. त्याची आजी गुलामगिरीत वाढलेली, निरक्षर. नातवाकडून ती बायबल वाचून घेई, पण पौलाच्या पत्रांना सहसा हात लावू देत नसे. मालकाचा गोरा पाद्री त्याच पत्रांच्या आधारे गुलामांना आज्ञापालन शिकवत असे, हे ती विसरली नव्हती. या बाईने केलेली ही समीक्षा मला पुष्कळ पंडिती भाष्यांहून मोलाची वाटते.

थर्मनने भय, फसवणूक आणि द्वेष यांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. त्यांतले फसवणुकीचे प्रकरण आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावे. दुबळा माणूस हसून, वाकून, खोटे बोलून जीव वाचवतो. आणि असे जगता जगता खरे-खोटे ओळखण्याची त्याची शक्तीच मरते. राखलेला जीव कसा हातचा जातो, ते इथे कळते. गुलामाने सोडायचे आहे ते हे वाकलेले जगणे.

याची कसोटी १९६८ साली मेम्फिस शहरात लागली. १ फेब्रुवारीला एकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार पावसापासून आडोसा घेण्यासाठी कचरागाडीत शिरले आणि तिच्या दाबयंत्रात चिरडले गेले. या मृत्यूंना कोणी त्याग म्हणू नये. त्यांनी जीव दिला नव्हता, तो घेतला गेला. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही आपल्याकडे माणसे गटारांत गुदमरतात. त्यांच्या शोकसभेत 'बलिदान' म्हणणारा नकळत गुन्हेगाराला मोकळा सोडतो.

वचन लागू पडते ते मागे राहिलेल्यांना. १२ फेब्रुवारीपासून सुमारे तेराशे कामगारांनी संप केला. पगार तुटपुंजा, घरी मुलेबाळे, शहर म्हणे संपच बेकायदा. 'मी माणूस आहे' एवढेच लिहिलेले फलक घेऊन ते बंदुकधारी शिपायांसमोरून चालत गेले. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठी आले आणि ४ एप्रिलला मारले गेले. जगाने किंगचे हौतात्म्य लक्षात ठेवले, ते योग्यच. पण रोजची भाकरी पणाला लावून आधी ताठ उभे राहिले ते हे कामगार. १६ एप्रिलला शहराने त्यांची संघटना मान्य केली, पगारवाढही दिली.