गिटारविरुद्धचा मोर्चा : साठच्या दशकातलं ‘आपलं’ आणि ‘परकं’ गाणं

साठच्या दशकातलं जगाचं लोकप्रिय संगीत असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बहुतेक एकच चित्र येतं. लिव्हरपूलची चार पोरं, किंचाळणाऱ्या मुली, मग वाढलेले केस आणि शेवटी वुडस्टॉकचा चिखल. म्हणजे गाणं तयार होणार लंडनला नाहीतर न्यूयॉर्कला, आणि उरलेलं जग त्याची नक्कल करणार. इतिहास असाच सांगितला जातो. आज मी तो दुसऱ्या टोकानं सांगून बघणार आहे, ब्राझीलकडून. आणि सुरुवात गाण्यानं नाही, एका मोर्चानं करणार आहे.

१७ जुलै १९६७. साओ पावलो शहर. रस्त्यावरून एक मोर्चा चाललाय. आघाडीला कोण, तर एलिस रेजिना. त्या काळातली ब्राझीलची सगळ्यात गाजलेली गायिका. सोबत एदू लोबो, जेराल्दो व्हांद्रे, ज़ाइर रॉड्रिग्ज़ अशी नामवंत मंडळी. हा मोर्चा कशाविरुद्ध होता? महागाई नाही, लष्करी राजवट नाही. इलेक्ट्रिक गिटारविरुद्ध! इतिहासात तो त्याच नावानं ओळखला जातो.

(हशा)

हसू येतं, मान्य आहे. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा आलं होतं. पण जरा थांबा. हे लोक वेडे नव्हते. त्यांची भीती समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

थोडं मागे जाऊ. १९५८ साली जुआंव जिल्बेर्तो या गायकानं एक छोटी तबकडी काढली आणि तिथून बोसा नोवा सुरू झालं असं मानतात. सांबाचा ठेका घ्यायचा, पण ढोलांचा ताफा बाजूला ठेवायचा. सगळा ठेका एका साध्या गिटारवर, उजव्या हाताच्या बोटांत आणायचा. आवाज इतका हलका की कानाशी कुणी बोलतंय असं वाटावं. १९६४ मध्ये स्टॅन गेट्झ या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाबरोबरची त्यांची तबकडी आली आणि हे गाणं जगभर पोचलं. पुढच्या वर्षी तिला ग्रॅमी मिळालं.

आणि त्याच १९६४ साली, मार्च संपता संपता, ब्राझीलमध्ये लष्करानं सत्ता घेतली. अमेरिकेचा त्याला पाठिंबा होता. आता तुम्ही विशीतले विद्यार्थी आहात असं समजा. निवडून आलेलं सरकार गेलंय. गेलंय ते अमेरिकेच्या आशीर्वादानं. आणि टीव्हीवर रॉबेर्तो कार्लोस नावाचा देखणा तरुण इंग्रजी-अमेरिकन रॉकच्या चालीवर पोर्तुगीजमध्ये मोटारींची आणि प्रेमाची गाणी म्हणतोय. या गाण्यांना तिकडे ‘ये-ये-ये’ म्हणत, बीटल्सच्या त्या आरोळीवरून. तुमच्या वयाची पोरं त्याच्यावर फिदा आहेत. तर त्याच्या हातातलं ते विजेवर चालणारं वाद्य तुम्हाला नुसतं वाद्य वाटेल का? नाही वाटणार. ते परक्या सत्तेचं निशाणच वाटेल. मोर्चातल्या माणसांची भीती ही होती, आणि ती पोकळ नव्हती.

मग चुकलं कुठे? माझ्या मते वाद्यावरचा आक्षेप दोन तऱ्हेचा असतो. एक संगीताचा आक्षेप : या वाद्यातून अमुक स्वर निघत नाही, याचा आवाज बाकीच्यांना गिळून टाकतो, वगैरे. दुसरा निशाणाचा आक्षेप : हे वाद्य कुठून आलं, कुणाच्या हातात आहे. पहिल्याचा निकाल ऐकून लागतो. दुसऱ्याचा निकाल ऐकण्याआधीच लागलेला असतो. समीक्षेत सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो दुसरा आक्षेप पहिल्याचे कपडे घालून आला की.

आपल्याला हे नवीन नाही. हार्मोनियमचं बघा. युरोपातून आलेली पेटी. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली, आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. आक्षेप काय होते? एक, पेटीवर मींड निघत नाही, तिच्या ठरीव स्वरांत श्रुती बसत नाहीत. हा संगीताचा आक्षेप. खराच आहे, आजही त्यावर चर्चा करता येते. दुसरा, ती परदेशी आहे. आता या दुसऱ्या आक्षेपाचं काय करायचं? गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली ती परदेशी होती का? नाट्यसंगीतातून पेटी काढा आणि काय उरतं ते सांगा. गावोगावच्या भजनी मंडळांनी ती कधीच आपली करून टाकली होती. रेडिओला मात्र ते मान्य करायला तीस वर्षं लागली.

ब्राझीलमध्येही असंच आहे. तिथे साध्या गिटारला ‘व्हिओलांव’ म्हणतात आणि ‘गितारा’ म्हटलं की इलेक्ट्रिक. भाषेतच दोन खाती. व्हिओलांव आपलं, गितारा परकं. पण व्हिओलांव आलं कुठून? पोर्तुगीजांबरोबर, समुद्रावरून. शिवाय ते नेहमी मानाचं होतं असंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची लिमा बारेतो यांची एक कादंबरी आहे, पोलिकार्पो क्वारेज़्मा या देशभक्त कारकुनाची. तो देशप्रेमापोटी गिटार शिकायला लागतो, तर शेजारीपाजारी नाकं मुरडतात. हे उनाडांचं वाद्य, असल्या सभ्य माणसाच्या घरी कसं? म्हणजे १९६७ साली ज्या वाद्याच्या शुद्धतेसाठी मोर्चा निघाला, ते पन्नास वर्षांपूर्वी सभ्य घरात चालत नव्हतं. आणि बोसा नोवाच्या स्वरजुळणीत जॅझ किती मुरलेलं आहे ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं. शुद्ध काय होतं मग?

आता मोर्चाची आणखी एक गंमत. हा मोर्चा एका टीव्ही कार्यक्रमाच्या जाहिरातीचाही भाग होता. वाहिनी होती टीव्ही रेकॉर्ड. एलिस रेजिनांचा कार्यक्रम याच वाहिनीवर झाला. आणि रॉबेर्तो कार्लोसचा ‘ये-ये-ये’चा कार्यक्रम? तोही याच वाहिनीवर! भांडणाच्या दोन्ही बाजू एकाच दुकानात विकल्या जात होत्या. राष्ट्रीय संगीताच्या रक्षणाची ती हाक वाहिनीच्या हिशेबात व्यवस्थित बसत होती. बाजाराला शुद्धतेचं वावडं नसतं, हे आपण लक्षात ठेवू.

मोर्चात आणखी एक माणूस होता. जिल्बेर्तो जिल. बाहियाचा, पंचविशीतला गायक. एलिसविषयीच्या आपुलकीपोटी गेलो, असं त्यानं पुढे सांगितलंय. त्याचा मित्र काएतानो व्हेलोसो मात्र गेला नाही. तो आणि गायिका नारा लेआंव हॉटेलच्या खिडकीतून मोर्चा बघत होते. दोघांनाही ते दृश्य भीतीदायक वाटलं, असं व्हेलोसोनं आपल्या आठवणींत लिहिलंय.

आणि तीन महिन्यांनी काय झालं? २१ ऑक्टोबर १९६७. त्याच टीव्ही रेकॉर्डच्या गीतमहोत्सवाची अंतिम फेरी. समोर खच्चून भरलेलं प्रेक्षागृह. तिथली पद्धत अशी की आवडलं तर डोक्यावर घ्यायचं, नाही आवडलं तर हुर्यो उडवायची. व्हेलोसो अर्जेंटिनाच्या एका रॉक बँडला घेऊन उभा राहिला. आधी हुर्यो झाली, आणि गाणं संपेपर्यंत लोक त्याच्या बाजूला आले होते. त्याच रात्री सेर्जिओ रिकार्दो या गायकाला लोकांनी गाऊच दिलं नाही. तेव्हा त्यानं आपलं व्हिओलांव तिथेच फोडलं आणि प्रेक्षकांत फेकलं. साधं, बिनविजेचं, ‘आपलं’ व्हिओलांव.

आणि मोर्चात चाललेला जिल? तो ओस मुतांतेस या तीन पोरांच्या इलेक्ट्रिक बँडला घेऊन आला! गाणं होतं ‘दोमिंगो नु पार्के’, म्हणजे ‘बागेतला रविवार’. या गाण्यापाशी मला थोडं थांबायचंय, कारण माझं सगळं म्हणणं यात आहे.

गोष्ट साधी आहे. दोन मित्र. एक बाजारात काम करणारा, दुसरा बांधकामावर. रविवारी बाजारवाला जत्रेच्या बागेत जातो, तर त्याची आवडती मुलगी दुसऱ्या मित्राबरोबर फिरत्या पाळण्यात बसलेली. शेवट सुऱ्यानं होतो. आता वाद्यं ऐका. सुरुवातीला बेरिंबाऊ आहे. म्हणजे धनुष्याला भोपळा बांधलेला, एक तार, काडीनं वाजवायची. आपल्या तुणतुण्याची आठवण यावी इतकं साधं वाद्य. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर आलेलं, कापोएरा या कुस्ती-नाचाच्या खेळाचं. हा ठेका ऐकला की बाहियाच्या माणसाला कळतं, झुंज होणार आहे. मग रोजेरिओ दुप्रात यांनी बांधलेला वाद्यवृंद येतो, चित्रपटातल्यासारखा, प्रसंगामागून प्रसंग कापत जाणारा. आणि इलेक्ट्रिक गिटार? ते आहे शहराचं. बागेतले दिवे, गर्दी, यंत्राचे पाळणे. दोन मजुरांची ही गोष्ट आहे. एका कानात गावचा ठेका, दुसऱ्या कानात शहराची वीज. मग ती गोष्ट नुसत्या व्हिओलांववर कशी सांगणार? गिटार इथे फॅशन म्हणून आलेलं नाही. त्याला काम दिलेलं आहे.

माझी कसोटी हीच आहे. वाद्य कुठून आलं हे विचारण्यापेक्षा, गाण्यात त्याला काय काम दिलंय ते ऐका. ते काढून टाकलं तर गाण्याचं काही बिघडतं का? ‘दोमिंगो नु पार्के’मधून गिटार काढा, गोष्टीतून शहर निघून जातं. त्या वेळच्या कित्येक ‘ये-ये-ये’ गाण्यांतून गिटार काढलं तर काहीही बिघडत नाही. म्हणजे मोर्चावाल्यांचा संशय काही गाण्यांबाबत बरोबरच होता, कारण मात्र चुकीचं होतं.

या मंडळींनी १९६८ मध्ये एकत्र एक तबकडी काढली आणि चळवळीला नाव मिळालं त्रोपिकालिया. त्यांनी आधार घेतला १९२८च्या एका जाहीरनाम्याचा. ओस्वाल्द दे आंद्रादे या लेखकानं त्यात म्हटलं होतं की आपण नरभक्षक व्हावं : परकी संस्कृती आली की तिची नक्कल करू नये, तिला हाकलूही नये. तिला खावं, पचवावं, आणि आपलं बळ वाढवावं. मोठी चावट आणि मोठी खरी कल्पना.

पण मी इथे भक्तिभावानं बोलणार नाही. त्या तबकडीतलं सगळंच पचलेलं आहे असं मला वाटत नाही. काही ठिकाणी सैनिकी बँड, जुनाट भावगीत, रेडिओचा आवाज असं एकमेकांशेजारी नुसतं ठेवून दिलंय, टवाळी म्हणून. त्या वेळी ती टवाळी धारदार असणार. आज संदर्भ माहीत नसेल तर ती बोथट वाटते. सरमिसळ हीसुद्धा फॅशन होऊ शकते. माझी कसोटी तिलाही लावावीच लागेल.

आता शेवटचा भाग, हसण्यासारखा नसलेला. सप्टेंबर १९६८ मध्ये साओ पावलोमध्येच दुसऱ्या एका महोत्सवाच्या फेरीत डाव्या विद्यार्थ्यांनी व्हेलोसोची अशी हुर्यो उडवली की त्यानं गाणं सोडून त्यांनाच खडसावलं. त्यांच्या मते तो परक्यांचा हस्तक होता. आणि १३ डिसेंबर १९६८ रोजी लष्करी सरकारनं पाचवा संस्थात्मक कायदा आणला. संसद बंद, सेन्सॉर कडक, अटकेला दाद नाही. दोन आठवड्यांनी, २७ डिसेंबरला, अटक कुणाला झाली? जिल आणि व्हेलोसोला. काही महिने कैद, नजरकैद, आणि १९६९ मध्ये हद्दपारी. दोघं लंडनला गेले, ते १९७२ मध्ये परतले. आणि जेराल्दो व्हांद्रे, गिटारविरुद्धच्या मोर्चातला, साध्या गिटारवर लष्कराविरुद्ध गाणारा? त्यालाही देश सोडून पळावं लागलं.

सरकारनं वायरवालं गिटार आणि बिनवायरचं गिटार असा भेद केला नाही हो. त्यांना दोन्हीकडच्या गाण्यांची सारखीच भीती वाटली. भेद करत बसली ती गाणारी आणि ऐकणारी माणसं. जी दीड-दोन वर्षं एकत्र उभं राहायला मिळाली असती, ती त्यांनी एकमेकांची हुर्यो उडवण्यात घालवली. मला त्या मोर्चाबद्दल वाईट वाटतं ते याचं.

साठच्या दशकात हे भांडण जागोजागी झालं. १९६५ साली न्यूपोर्टला बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा, आणि पुढच्या वर्षी मँचेस्टरला, लोक त्याच्यावरही उलटले. तुर्कस्तानात उलट झालं. १९६५ मध्ये हुर्रियत या वर्तमानपत्रानं स्पर्धाच ठेवली, की गाणी तुर्की हवीत आणि बाज नव्या वाद्यांचा. त्यातून लोककवींची पदं इलेक्ट्रिक गिटारवर गाणारी पिढी पुढे आली. प्रत्येक ठिकाणी वाद्य तेच होतं, प्रश्न मात्र त्या त्या देशाचा होता. म्हणून ही एका केंद्राची आणि बाकीच्या नकलाकारांची गोष्ट आहे असं म्हणणं मला पटत नाही.

एक प्रश्न आलाय : ‘मग आजच्या रिमिक्सबद्दल तुमचं काय मत?’

(हशा)

मत ऐकल्यावर देईन. तुम्हीही तसंच करा. एखादं जुनं मराठी गाणं नव्या बाजात आलं की लगेच ‘वाट लावली’ म्हणू नका, आणि लगेच ‘वा, काय प्रयोग!’ असंही म्हणू नका. तो नवा आवाज त्यात काय करतोय ते दोनदा ऐका. जिल पुढे त्याच ब्राझीलचा सांस्कृतिक मंत्री झाला, २००३ मध्ये. मोर्चात चालला होता तोही, आणि तीन महिन्यांत आपलं मत बदलण्याइतपत त्यानं कान उघडे ठेवले होते. आपण तेवढं करू शकतो.