इतिहासप्रेमींची चर्चा आणि टांचण

कोल्हापुरांत इतिहासावर बोलावयास कोणास आमंत्रण लागत नाहीं. पंचगंगेच्या घाटावर उतरलें कीं शेजारचें ब्रह्मपुरीचें टेकाड दोन हजार वर्षांच्या वस्तीचें आहे, हें तेथें पोहणारा मुलगाही सांगतो. आणि पन्हाळ्याविषयीं ज्यास स्वतःचें मत नाहीं असा गृहस्थ या शहरांत शोधूनच काढावा लागेल. यामुळें इतिहासप्रेमी मंडळांची येथें वानवा नाहीं. गेल्या पावसाळ्यांत अशाच एका मंडळाच्या बैठकीस आम्ही गेलों होतों. विषय पावनखिंडीचा होता. सव्वादोन तास चर्चा झाली, आवाज चढले, एक वक्ता दुसऱ्याची जात विचारण्याच्या बेतापर्यंत आला. आणि एवढ्या अवधींत अमुक गोष्ट अमक्या कागदांत आहे, असें एकाच्याही तोंडून निघालें नाहीं.

या मंडळींचें इतिहासप्रेम खोटें होतें असें नव्हे. दरवर्षी जुलैंत भर पावसांत पन्हाळ्याहून खिंडीपर्यंत चालत जाणारे त्यांत चारपांच तरी होते, आणि तितकी चाल प्रस्तुत लेखकाच्यानें होणार नाहीं. दोष होता तो चर्चेच्या घाटाचा. काव्यनाटकांप्रमाणें चर्चेलाही घाट असतो, आणि मराठींतील इतिहासचर्चेनें एके काळीं आपला स्वतंत्र घाट सिद्ध केला होता. त्याकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या चर्चेचा एक आरंभ तरुणांच्या सभेंत झाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. इ. स. १८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं विद्यार्थिदशेंत पुण्याच्या यंग मेन्स असोसिएशनपुढें ग्रांट डफच्या इतिहासावर टीकात्मक निबंध वाचला, व तो पुढें ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकांत आला. डफचा ग्रंथ १८२६ चा; चाळीस वर्षें त्याचा शब्द प्रमाण मानला जात होता. त्याला प्रश्न विचारण्याचें धैर्य एका तरुणास झालें, तें समोर बसून ऐकणारीं व उलट विचारणारीं माणसें होतीं म्हणून. १८७८ त साने, मोडक व शाळिग्राम यांचा ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला आणि बखरी व पत्रें महिन्याच्या महिन्यास घरोघर जाऊं लागलीं. १८९८ त राजवाड्यांचा पहिला खंड आला. मग ७ जुलै १९१० रोजीं राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. संस्थापकाचें पुढें आपल्याच मंडळाशीं जमलें नाहीं, हा भाग वेगळा. राजवाड्यांचें कोणाशीं फार दिवस जमलें?

मंडळाच्या पाक्षिक सभांतून जो प्रकार रूढ झाला तो टांचणाचा. टांचण म्हणजे लेख नव्हे. कागद कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं मिळाला. अस्सल आहे कीं नक्कल. शिक्का आहे कीं नाहीं. कोठें फाटला आहे. मग कागदाची जशीच्या तशी नक्कल, आणि शेवटीं त्यावरून काय ठरतें याच्या चारदोन ओळी. लिहिणारा वतनदार असो, शिक्षक असो कीं कारकून असो, सभेंत त्याचें वजन त्याच्या कागदाएवढें. या घाटांत बढाईला जागा राहत नाहीं, हा त्याचा पहिला गुण. कागदाच्या मधल्या भागाला वाळवी लागली असेल तर टांचणकारास तेथें टिंबेंच द्यावीं लागतात. त्या टिंबांच्या जागीं त्याला स्वतःचा पराक्रम घालतां येत नाहीं. आमच्या मतें मराठी गद्याला प्रामाणिकपणाची जी संवय लागली तींत या टिंबांचा वांटा निबंधकारांहून कमी नाहीं.

मात्र दोषही थोडे नाहींत. टांचणें वाचून पुष्कळदां दगडी कोठींत शिरल्यासारखें वाटतें. मागचापुढचा संदर्भ दिलेला नसतो, वाचक सर्वज्ञ आहे असें गृहीत धरलेलें असतें, आणि एका सनाच्या दुरुस्तीसाठीं आरंभिलेली चर्चा प्रतिपक्ष्याच्या संस्कृत ज्ञानापर्यंत जाऊन पोहोंचते. ‘उपरिनिर्दिष्ट गृहस्थांचा गैरसमज’ हे शब्द आले कीं पुढील दोन पानें इतिहासाचीं नसून मानापमानाचीं आहेत, असें खुशाल समजावें. नुसत्या कागदाच्या ढिगालाच इतिहास मानण्याची खोडही याच घाटानें लावली.

तरीही या घाटानें काय साधतें तें पाहावयाचें असेल तर शिवजन्मतिथीचा वाद पाहावा. परंपरेची तिथि वैशाख शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ ची. कारीच्या जेध्यांच्या घराण्यांतील शकावली लोकमान्य टिळकांस मिळाली व ती १९१६ त मंडळाच्या चतुर्थ संमेलन वृत्तांत प्रसिद्ध झाली. तींत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथि निघाली. एका शकावलीवर एवढी परंपरा मोडावी काय, ही शंका ज्यांनीं घेतली त्यांना कोणी देशद्रोही म्हणो, पण वादाचें अर्धें श्रेय त्यांचें आहे. त्यांच्या हट्टामुळेंच दुसरा पुरावा शोधणें भाग पडलें. परमानंदाचें ‘शिवभारत’ १९२७ त छापून निघालें, तेंही फाल्गुन वद्य तृतीयेच्या बाजूनें; राजस्थानांत मिळालेली जन्मकुंडली तिला जुळली. १९६६ त शासनानें इतिहासज्ञांची समिति नेमली, आणि पुढें १९ फेब्रुवारी ही तारीख सरकारी रीतीनेंही कायम झाली. वैशाखाचा आग्रह धरणारे अद्यापि आहेत. असेनात, त्यांनीं शके १५४९ चा समकालीन कागद आणावा, बैठकींत त्यांना पहिली खुर्ची मिळेल.

येथें कोल्हापूरकर वाचक म्हणेल कीं, हें सर्व पुण्याचें झालें. तक्रार खरी आहे. या शतकानुशतकांच्या इतिहासाकडे पुणेंकरांनीं बहुधा पेशव्यांच्या दप्तराच्या खिडकींतून पाहिलें, आणि त्या खिडकींतून ताराबाई दिसते ती छत्रपति शाहूंच्या वाटेंतील अडचण म्हणून. शिवाय, वेदोक्त प्रकरणापासून येथें इतिहास हा फावल्या वेळचा विषय राहिला नव्हता. कोणाचा अधिकार कोणता, हें त्यावरून ठरविलें जात होतें. अशा ठिकाणीं संशोधकांच्या जातीकडे पाहिलें गेलें तर नवल नाहीं. परंतु कोल्हापुरानें या तक्रारीचें उत्तर कसें दिलें तें पाहा. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरु डॉ. आप्पासाहेब पवार यांनीं १९६९ पासून ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड, व मागाहून जिजाबाईकालीन कागदपत्रें प्रसिद्ध केलीं. पुण्याच्या इतिहासकारांवर आरोपांचें पुस्तक लिहिलें असतें तर तें दहा वर्षांत रद्दींत गेलें असतें; औरंगजेबाशीं सात वर्षें झुंजणारी राज्यकर्ती त्या खंडांमुळें आज कोणासही डावलतां येत नाहीं. उलट जानेवारी २००४ त पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, ग्रंथ व हस्तलिखितें यांची नासधूस झाली, आणि त्या दिवशीं शिवचरित्रांतील एकही प्रश्न सुटला नाहीं.

राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदणगार यांचें नांव या संदर्भांत घेतलेंच पाहिजे. उत्तर कर्नाटक व कोल्हापूर संस्थान यांतील शिलालेखांचें त्यांचें पुस्तक १९३९ चें. ब्रह्मपुरीस मिळालेली समुद्रदेव पोसायडनची वीतभरही नसलेली काशाची मूर्ति आज टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. १९४५-४६ त सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनीं तें टेकाड रीतसर खणलें. आमच्या बैठकींतील मंडळी या मूर्तीचा अभिमान सांगतात, मात्र ज्या शिलाहारांनीं हा मुलूख राखला त्यांचे कित्येक लेख कानडींत आहेत हें ऐकून त्यांस अवघडल्यासारखें होतें. कानडी येत नाहीं हें समजतां येईल. मोडीही येत नाहीं, आणि तरी मत मात्र ठाम, हें कसें समजावें?

त्या पावनखिंडीच्या बैठकीचा शेवट सांगावयाचा राहिला. मंडळी उठण्याच्या बेतांत असतां मागच्या रांगेंतील एक वृद्ध गृहस्थ पुढें आले. घर पाडतांना माळ्यावर सांपडलेला एक रुमाल त्यांनीं आणला होता. दोन तास तो त्यांच्या मांडीवरच होता. सोडला तो सर्वांनीं पाहिला, वाचतां कोणासच येईना. शेवटीं मोडीच्या वर्गास जाणाऱ्या एका मुलीनें बोट ठेवून ‘इहिदे सबैन मया व अलफ’ एवढें वाचलें. अकराशें एकाहत्तर; त्यांत ५९९ मिळवावे कीं ६००, हें महिन्यावर ठरणार, असें ती म्हणाली. म्हणजे सन १७७०-७१, जिजाबाईंचा काळ. सर्वांच्या माना पुढें झाल्या. मग तिनें खालच्या ओळी लावल्या: गवताच्या गंजींचा हिशेब होता. मंडळी हंसली, चहा आला, आणि कोणी तरी पुन्हां खिंडीचा विषय काढला. ती मुलगी आणि तो वृद्ध दिव्याखालीं सरकून बसलीं. तिनें वही काढून वरच्या कोपऱ्यांत गांवाचें नांव लिहिलें, आणि तिसऱ्या ओळींत कागद फाटला होता तेथें टिंबें दिलीं.