‘कार्यक्षम’ या विशेषणाचा अर्थ : लेक व्ह्यू शाळाक्षेत्राच्या निमित्ताने

इंग्रजीतील ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ या संज्ञेसाठी मराठीत कधी कधी ‘शालेय जिल्हा’ असा प्रतिशब्द योजला जातो. तो दिशाभूल करणारा आहे. ‘जिल्हा’ हा शब्द मूळचा अरबी. बाजू अथवा बरगडी हा त्याचा मूळार्थ असून मोठ्या अंगाचा एक भाग ही कल्पना त्याच्या पोटी आहे. सत्ता वर असते आणि तिने सोयीसाठी पाडलेला विभाग तो जिल्हा, हा अर्थ आपल्या महसुली व्यवहाराने दृढ केला. अमेरिकेतील स्कूल डिस्ट्रिक्ट ही वस्तू निराळी आहे. ती शाळा चालविण्यापुरतीच निर्माण झालेली, स्वतःचे निर्वाचित मंडळ असलेली, कराचे उत्पन्न असलेली आणि कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्तित्व असलेली संस्था होय. प्रस्तुत लेखात तिला ‘शाळाक्षेत्र’ म्हटले आहे. आपल्याकडील जुन्या पिढीच्या तोंडी ‘स्कूल बोर्डाची शाळा’ हा शब्दप्रयोग असे. परंतु ते बोर्ड जिल्ह्याचे होते, गावाचे नव्हे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आलेली शाळा व्यवस्थापन समिती गावाची खरी, तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात हेही खरे. पण तिला कर बसविता येत नाही आणि कायम शिक्षकांच्या नेमणुका तिच्या हाती नाहीत. हा भेद ध्यानात न घेतल्यास पुढील विवेचनाचे मर्म हाती लागणार नाही.

लहान ग्रामीण शाळाक्षेत्राचा कारभार कसा चालतो, ते आर्कन्सॉ राज्याच्या उदाहरणाने पाहू. (या नावातील अंत्य ‘स’ अनुच्चारित समजावा असा ठराव त्या राज्याच्या विधिमंडळाने 1881 मध्ये संमत केला होता. उच्चारापर्यंत लक्ष पुरविणारे हे विधिमंडळ अर्थाच्या बाबतीत कसे वागले, हाच आपला विषय आहे.) मतदार शाळामंडळ निवडतात, मंडळ अधीक्षक नेमते, शिक्षकांच्या नेमणुका, अंदाजपत्रक, शाळेच्या बसगाड्यांचे मार्ग ही सर्व कामे मंडळ आणि अधीक्षक यांच्यात वाटली जातात. उत्पन्नाचा स्थानिक भाग मालमत्ता करातून येतो. या कराचे एकक ‘मिल’, म्हणजे डॉलरचा हजारावा भाग. मालमत्तेच्या बाजारभावाच्या वीस टक्के हे करपात्र मूल्य धरले जाते. म्हणजे 50,000 डॉलरांच्या घराचे करपात्र मूल्य 10,000 डॉलर, आणि एका मिलमागे त्या घराचा कर 10 डॉलर. 1996 च्या घटनादुरुस्तीने शाळांच्या चालू खर्चासाठी 25 मिलचा समान दर सर्व राज्यास लागू झाला. दर समान झाला तरी जेथे घरे व जमिनी स्वस्त तेथे त्याच दराने थोडे पैसे जमतात, आणि उरलेली तूट राज्याने भरून काढावी लागते. राज्य ती कोणत्या प्रमाणात भरते, यावर गरीब शाळाक्षेत्राचे सर्वस्व अवलंबून असते.

मिसिसिपी नदीच्या काठच्या सखल, कापसाच्या प्रदेशात फिलिप्स काउंटीमध्ये लेक व्ह्यू नावाचे गाव आहे. 1930 नंतरच्या दशकात संघशासनाच्या पुनर्वसन योजनेखाली कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांची येथे वसाहत झाली. या गावाच्या शाळाक्षेत्राने, ‘लेक व्ह्यू शाळाक्षेत्र क्रमांक 25’ या नावाने, 1992 मध्ये राज्याविरुद्ध दावा दाखल केला. राज्याची अनुदानपद्धती घटनाबाह्य आहे, असे त्याचे म्हणणे होते. संस्थेच्या स्वतंत्र व्यक्तित्वाचा उल्लेख वर केला तो यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये दिलेल्या निर्णयपत्रात या शाळाक्षेत्राच्या स्थितीचे जे वर्णन आहे, ते अलंकारविरहित गद्याचा उत्तम नमुना म्हणून वाचावे. माध्यमिक वर्गांचे सर्व गणित शिकविणारा शिक्षक एकच, तोही प्रमाणपत्र नसलेला; बदली शिक्षक म्हणून त्याला वर्षास 10,000 डॉलर मिळत, आणि शाळेची बस चालवून तो आणखी 5,000 मिळवी. त्रिकोणमितीच्या वर्गाला गणकयंत्रे अपुरी, कंपास नाहीत, फळा एक, छपाईयंत्र बंद, कागदाची टंचाई. येथे एकही भावनादर्शक विशेषण नाही. वस्तूंची यादी तेवढी आहे, आणि ती पुरेशी आहे.

या वादाचा पाया तीन विशेषणांवर उभा आहे. आर्कन्सॉच्या 1874 च्या घटनेतील चौदाव्या अनुच्छेदाप्रमाणे मोफत सार्वजनिक शाळांची व्यवस्था सर्वसामान्य, सुयोग्य आणि कार्यक्षम असली पाहिजे. पहिली दोन फारशी वादग्रस्त ठरू नयेत. तिसरे मात्र कसोटीचे आहे. ज्याला आपण ‘कार्यक्षम’ म्हणतो तो इंग्रजी शब्द, ‘एफिशंट’, ज्या लॅटिन क्रियापदापासून आला त्याचा अर्थ ‘घडवून आणणे’, ‘सिद्धीस नेणे’ असा आहे. ॲरिस्टॉटलच्या कारणचतुष्टयातील ज्या कारणाला आपण आपल्या न्यायपरंपरेतील ‘निमित्तकारण’ हा शब्द देतो, त्याचे इंग्रजी विशेषण हेच. म्हणजे जे कार्य घडवून आणते ते एफिशंट. एकोणिसाव्या शतकात यंत्रशास्त्राने या शब्दाला दुसरा अर्थ दिला. यंत्रात घातलेली शक्ती आणि त्यातून मिळालेले उपयुक्त काम यांचे गुणोत्तर, हा तो अर्थ. पहिल्या अर्थात प्रश्न असा असतो, ‘कार्य सिद्ध झाले काय?’ दुसऱ्यात प्रश्न असतो, ‘किती खर्चात झाले?’ हे दोन प्रश्न एकमेकांचे शत्रू नव्हेत, परंतु एकही नव्हेत. विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांच्या व्यवस्थापनातून हा दुसरा अर्थ अमेरिकेच्या शिक्षणव्यवहारात कसा शिरला, याचा इतिहास रेमंड कॅलाहन यांनी 1962 च्या आपल्या ग्रंथात मांडला आहे. त्याआधी तीनच वर्षे, 1959 मध्ये, जेम्स कोनंट यांनी माध्यमिक शाळेच्या अंतिम वर्गात निदान शंभर विद्यार्थी असावेत असे प्रतिपादन केले होते. कोनंटांचा हेतू विषयांची विविधता हा होता, काटकसर नव्हे. पण संख्या एकदा उच्चारली गेली की तिचा हेतू मागे राहतो आणि संख्या तेवढी पुढे जाते.

न्यायालयांनी शब्दाचा पहिला अर्थ उचलला. केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये आपल्या घटनेतील याच विशेषणाची फोड करताना विद्यार्थ्याच्या अंगी येणाऱ्या सात क्षमता सांगितल्या, आणि त्यांत पहिली होती बोलण्याची व लिहिण्याची. भाषेच्या अभ्यासकास याचा आनंद व्हावा. आर्कन्सॉच्या न्यायाधीशांपुढे हा निर्णय होता. 21 नोव्हेंबर 2002 रोजी त्यांनी राज्याची अनुदानपद्धती घटनाबाह्य ठरविली. लेक व्ह्यू जिंकले. लहान शाळाक्षेत्रे मोडावीत, असे त्या निर्णयात कोठेही फर्माविलेले नाही.

विधिमंडळाने निराळा अर्थ काढला. डिसेंबर 2003 मध्ये भरलेल्या विशेष अधिवेशनातून जो अधिनियम क्रमांक 60 निघाला, त्याप्रमाणे लागोपाठ दोन वर्षे 350 पेक्षा कमी विद्यार्थी असणारे शाळाक्षेत्र दुसऱ्यात विलीन होणे बंधनकारक झाले. राज्यपालांना तर याहून पुष्कळ मोठी संख्या हवी होती. या अधिनियमाची परिभाषा पाहण्यासारखी आहे. विलीनीकरणाचे दोन प्रकार सांगितले आहेत, आणि दोन्हींना ‘प्रशासकीय’ हे विशेषण लावले आहे. जणू काही कचेरीतील दप्तरे तेवढी एका कपाटातून दुसऱ्यात जाणार आहेत. जे क्षेत्र नाहीसे होते ते ‘बाधित’, ज्यात ते जाते ते ‘स्वीकारणारे’, आणि जे उरते ते ‘परिणामी’ क्षेत्र. यांपैकी ‘स्वीकारणारे’ हा एकच शब्द कर्तृवाचक आहे. बाधित क्षेत्राला कोणी बाधा केली, हे व्याकरणातूनच वगळले गेले आहे. वस्तुतः जे जाते ते दप्तर नव्हे. आपला अधीक्षक नेमण्याचा, आपले अंदाजपत्रक ठरविण्याचा आणि प्रसंगी राज्यावर दावा लावण्याचा अधिकार जातो. ‘प्रशासकीय’ या शब्दाने झाकले ते नेमके हेच.

आणि 350 ही संख्या तरी कोठून आली? आर्कन्सॉच्या मतदारांनी 1948 मध्ये संमत केलेल्या कायद्यातही हीच मर्यादा होती, आणि त्या एका कायद्याने दीड हजारांहून अधिक शाळाक्षेत्रांची संख्या सव्वाचारशेच्या आसपास आली होती. म्हणजे ज्या काळी ग्रामीण भागातील एकशिक्षकी शाळा आणि कच्चे रस्ते यांचा विचार करून ही मर्यादा पुढे आली, तिचाच अर्धशतकानंतर पुन्हा वापर झाला. अमेरिकेत इतरत्रही हेच घडत होते. 1939-40 मध्ये तेथे 1,17,108 शाळाक्षेत्रे होती, आज सुमारे तेरा हजार आहेत. संख्येचा एक मोठा गुण असा की तिचा अर्थ लावावा लागत नाही. ‘कार्यक्षम’ म्हणजे काय, यावर दहा वर्षे न्यायालयात वाद चालला. 350 वर कोणीही वाद घालू शकत नाही. पण हा गुण कारकुनाच्या दृष्टीने गुण आहे. शाळेत गणित शिकविले जाते की नाही, या प्रश्नाच्या जागी शाळेत मुले किती, हा प्रश्न आला. दुसऱ्याचे उत्तर पटावरून मिळते. पहिल्याचे मिळविण्यास वर्गात जावे लागते.

लहान शाळाक्षेत्रे मूलतः चांगली असतात, असा भाबडा दावा येथे करावयाचा नाही. लेक व्ह्यूची शाळा वाईट होती, हे लेक व्ह्यूनेच न्यायालयात सिद्ध केले. लहान क्षेत्राच्या सीमारेषेने श्रीमंत वस्तीची मालमत्ता आणि गोऱ्या वस्तीची मुले अलग राखण्याचे कामही अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी केले आहे. तेव्हा ‘स्थानिक नियंत्रण’ हा शब्दही तपासूनच घ्यावा लागतो. विलीन झाल्यावर एका गणितशिक्षकाच्या जागी तीन मिळत असतील, तर मुलांच्या पालकांनी दूरच्या बसचा प्रवास स्वीकारला तर नवल नाही. आक्षेप निष्कर्षावर नाही, तो ज्या वाटेने काढला त्या वाटेवर आहे. वादीची तक्रार होती की आम्हांला पैसे कमी मिळतात. उत्तर मिळाले की तुम्ही लहान आहात. तक्रारीचे विशेषण बदलून मग तिचे निवारण करणे, ही युक्ती तर्कशास्त्रात दोष गणली जाते. राजकारणात ती खपून जाते. 2004 च्या जुलैमध्ये लेक व्ह्यू शाळाक्षेत्र शेजारच्या बार्टन-लेक्सा क्षेत्रात विलीन झाले. त्या वर्षी अशी पन्नासाहून अधिक क्षेत्रे नाहीशी झाली. न्यायालयातील प्रकरण मात्र त्याच नावाने 2007 पर्यंत चालू राहिले. नाम उरले आणि नामी गेला, असे अर्थविचारातील उदाहरण शोधणाऱ्या विद्यार्थ्यास याहून चांगले मिळणे कठीण.

आपल्याकडे या चर्चेशी नाते सांगणारे शब्द गेल्या काही वर्षांत रूढ झाले आहेत. दहाहून कमी पट असलेल्या शाळांचे 2017 मध्ये ‘समायोजन’ करावयाचे ठरले. 2023 मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळा’ सुचविल्या गेल्या, आणि पानशेत व तोरणमाळ ही त्यांची उदाहरणे सांगितली गेली. तोरणमाळच्या डोंगरातील पाड्यांचे अंतर आणि पुण्याजवळच्या पानशेतचे अंतर यांना एकच शब्द लावता येतो काय, याचा विचार शब्द योजणाऱ्याने केला असेल अशी आशा आहे. आर्कन्सॉच्या कायद्यात ‘अलग पडलेली शाळा’ अशी एक निराळी कोटी आहे. रस्त्याने 12 मैलांहून अधिक अंतर, पक्क्या रस्त्यांचे प्रमाण, वाटेतील नैसर्गिक अडथळे अशा निकषांवर ती ठरते. ‘समायोजन’ या नामात असा कोणताही निकष नाही. त्याचा धात्वर्थ नीट जुळविणे असा आहे. काय कशाशी जुळवायचे, हे त्यातून कळत नाही.

आर्कन्सॉच्या विधिमंडळाने 2015 मध्ये अधिनियम क्रमांक 377 संमत केला. त्यानुसार 350 च्या खाली गेलेल्या शाळाक्षेत्राला, ते अध्यापन, हिशेब व इमारती या बाबतींत संकटग्रस्त ठरविले गेलेले नसेल तर, विलीनीकरणातून सूट मागता येते. म्हणजे अकरा वर्षांनी कायद्याने पुन्हा कार्यसिद्धीचा प्रश्न विचारला, आणि उत्तरासाठी राज्याच्या शिक्षणमंडळास पटाखेरीज इतर कागद पाहावे लागले. त्या वेळी लेक व्ह्यूला अर्ज करता आला नाही, कारण अर्ज करावयास शाळाक्षेत्र उरले नव्हते.