आर्थर सी. क्लार्क यांचे सागरतळविषयक लेखन : वृत्तांतकाराच्या भूमिकेचा विचार

प्रस्तावना

आर्थर सी. क्लार्क (१९१७-२००८) हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते प्रामुख्याने विज्ञानकथाकार म्हणून. १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’मधील लेखात त्यांनी मांडलेली भूस्थिर दळणवळण उपग्रहांची कल्पना आणि ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ यांच्यापलीकडे त्यांच्या लेखनाची चर्चा आपल्याकडे फारशी जात नाही. तथापि १९५६ ते १९६४ या आठ-नऊ वर्षांत क्लार्क यांनी सागरतळाच्या शोधाविषयी सातत्याने लेखन केले. ‘द कोस्ट ऑफ कोरल’ (१९५६), ‘द रीफ्स ऑफ टॅप्रोबेन’ (१९५७) आणि ‘द ट्रेझर ऑफ द ग्रेट रीफ’ (१९६४) ही त्यांतील महत्त्वाची पुस्तके होत. अशा लेखनाला ‘माहितीपर’ हे एकच विशेषण लावून समीक्षा बाजूला होते. प्रत्यक्षात वृत्तांतकाराचे नैतिक आणि वाङ्मयीन प्रश्न ज्या स्पष्टतेने या पुस्तकांत उभे राहतात, तितक्या स्पष्टतेने ते क्लार्क यांच्या कादंबऱ्यांतही क्वचितच आढळतात. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

अवकाशाकडून समुद्राकडे

इंग्लंडमधील माइनहेड या किनाऱ्यावरील गावी जन्मलेले क्लार्क प्रथम अवकाशप्रवासाचे पुरस्कर्ते होते. अवकाशातील भारहीनतेचा अनुभव पृथ्वीवर राहून घ्यावयाचा तर पाण्याखाली जाणे हाच मार्ग, या विचाराने ते पाणबुड्यांच्या विद्येकडे वळले. कुस्तो आणि गान्यान यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘ॲक्वालंग’ या श्वसनयंत्रामुळे ही विद्या तोवर सामान्य जलतरणपटूच्याही आवाक्यात आली होती. डिसेंबर १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना बोट कोलंबो बंदरात थांबली तेव्हा क्लार्क यांना श्रीलंकेचे, तेव्हाच्या सिलोनचे, प्रथम दर्शन घडले. ‘ग्रेट बॅरियर रीफ’वरील वास्तव्यानंतर १९५६ मध्ये ते सिलोनला स्थायिक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

‘द कोस्ट ऑफ कोरल’ हे पुस्तक आज वाचताना दोन गोष्टी जाणवतात. निवेदकाचे कुतूहल निखळ आहे आणि विज्ञान सोपे करून सांगण्याची हातोटी विलक्षण आहे. मात्र तेथील समुद्र हे अद्यापि एक प्रात्यक्षिक आहे. दुसऱ्याच कशाची तरी रंगीत तालीम. प्रवाळाचे वर्णन करतानाही लेखकाचे एक लक्ष आकाशाकडे असते. बर्म्युडाजवळ १९३४ साली लोखंडी गोलकात बसून ३,०२८ फूट खोल उतरणारे विल्यम बीब हे मुळात प्राणिशास्त्रज्ञ. त्यांना माशाखेरीज दुसरे काही सुचत नाही. क्लार्क यांना फार सुचते, आणि पुष्कळदा हेच त्यांच्या वर्णनाच्या आड येते.

‘द रीफ्स ऑफ टॅप्रोबेन’मध्ये हे बदलू लागते. त्याचे कारण त्रिंकोमाली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगिजांनी तेथील कड्यावरील कोणेश्वराचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्याचे अवशेष कड्याच्या पायथ्याशी समुद्रात विखुरलेले होते आणि क्लार्क व त्यांचे सहकारी माइक विल्सन यांनी ते पाण्याखाली जाऊन पाहिले. ही पोर्तुगीज सत्ता गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अधिपत्याखालील होती, हे आपल्या वाचकाने ध्यानी घ्यावे. समुद्राचा तळ हा निर्जन परग्रह नसून माणसांच्या हातून घडलेल्या गोष्टींचा साठा आहे, ही जाणीव क्लार्क यांच्या गद्यात येथे प्रथम उमटते.

सुरतेची चांदी

सर्वाधिक विचारार्ह पुस्तक अर्थातच ‘द ट्रेझर ऑफ द ग्रेट रीफ’. १९६१ साली श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्यापलीकडील ‘ग्रेट बासेस’ या खडकांच्या रांगेजवळ विल्सन आणि दोन अमेरिकन मुले यांना एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष सापडले. त्यांत छोट्या तोफा होत्या आणि चांदीच्या रुपयांचे घट्ट गठ्ठे होते. ज्या पिशव्यांत नाणी भरली होती त्या कुजून गेल्या, परंतु पिशवीचा आकार नाण्यांनी धरून ठेवला होता. एकेका गठ्ठ्यात सुमारे हजार नाणी. मोगल रुपयाचे वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास धरल्यास गठ्ठा साडेअकरा किलोचा होतो. नाणी औरंगजेबाच्या नावाची, सुरतेच्या टांकसाळीतील, हिजरी १११३ची, म्हणजे इसवी सन १७०१-०२ची होती. जहाजाचे नाव मात्र कळले नाही.

येथे मराठी अभ्यासकाचे वाचन इंग्रजी वाचकाच्या वाचनाहून वेगळे होणे अपरिहार्य आहे. ज्या वर्षी ही नाणी सुरतेत पाडली गेली, त्याच वर्षी औरंगजेब सह्याद्रीत विशाळगडाला वेढा घालून बसला होता आणि महाराणी ताराबाईंच्या नेतृत्वाखाली मराठे लढत होते. १७०२ च्या जूनमध्ये मोठी रक्कम घेऊन मराठ्यांनी तो किल्ला खाली करून दिला. जी सुरत शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये लुटली, तिच्याच टांकसाळीतील चांदी प्रवाळात रुतून बसावी आणि अडीच शतकांनी पाणबुड्यांच्या हाती लागावी, हा योग इतिहासाच्या विद्यार्थ्याला स्तब्ध करणारा आहे. पुस्तकाच्या शीर्षकात मात्र ‘खजिना’ हा शब्द आहे, ‘नाणी’ हा नाही. नाण्यावर टांकसाळ, सन आणि राजाचे नाव असते, म्हणजे ते साक्ष देते. खजिन्याकडे साक्ष कोणी मागत नाही.

आणखी एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. मूळ शोधाच्या वेळी क्लार्क स्वतः तेथे हजर नव्हते. पुढे १९६२ मध्ये पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले. हा आजार पोलिओचा असल्याचे निदान झाले. १९६३ ची मोहीम निघाली तेव्हा पूर्वीची ताकद उरलेली नव्हती. म्हणजे या वृत्तांताचा गाभा इतरांनी पाहिलेल्या आणि इतरांनी केलेल्या गोष्टींचा आहे. प्रस्तुत लेखिकेच्या मते याच कारणाने हे पुस्तक आधीच्या दोहोंपेक्षा सरस उतरले आहे. दोन मोसमी वाऱ्यांच्या मधल्या काही आठवड्यांतच या खडकांजवळ उतरता येते, त्यामुळे कथनात वाट पाहण्याला आपोआप जागा मिळते. हवामान, होडी, यंत्रे, माणसांचे स्वभाव यांच्याकडे लेखकाचे लक्ष जाते. पराक्रम सांगणारा निवेदक मागे सरतो आणि इतरांचे म्हणणे पडताळून पाहणारा निवेदक पुढे येतो.

१९६३ च्या मोहिमेत पीटर थ्रॉकमॉर्टन सहभागी झाले. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील केप गेलिडोन्या येथे १९६० मध्ये झालेल्या शास्त्रशुद्ध सागरतळ-उत्खननाशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्यांच्या येण्याने दोन दृष्टी समोरासमोर आल्या. चांदी वर काढणे हे एकीचे उद्दिष्ट, तर कोणती वस्तू कोठे व कशाशेजारी पडली होती याची नोंद हे दुसरीचे. क्लार्क यांना दुसरी दृष्टी समजते, तिच्याविषयी आदरही वाटतो, तरी कथनाचा वेग पहिलीच्या बाजूने राहतो. त्या काळात असे होणे स्वाभाविक होते. जलमग्न सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा युनेस्कोचा करार २००१ साली झाला. परंतु काळाचे कारण पुढे करून समीक्षेने हा प्रश्न सोडून देऊ नये. एकदा हलवलेल्या वस्तूची मूळ जागा पुन्हा मिळत नाही आणि ती जागा सांगू शकणारा एकमेव दस्तऐवज अनेकदा वृत्तांतकाराचाच असतो. गोव्यातील सुंची खडकाजवळच्या बुडालेल्या जहाजाचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केला, तो वाचनीयतेत क्लार्क यांच्या पुस्तकाच्या जवळपासही येणार नाही. विश्वसनीयतेच्या कसोटीवर मात्र तोलून पाहिल्यास क्रम उलटा लागेल.

कादंबरीतील सागर

क्लार्क यांच्या मनातील ही ओढाताण कल्पित लेखनात अधिक मोकळेपणाने व्यक्त होते. ‘द डीप रेंज’ (१९५७) या कादंबरीचा नायक हा अवकाशाची भीती बसलेला अंतराळवीर असून तो देवमाशांचे कळप राखणाऱ्या खात्यात काम करू लागतो. आकाशाची तालीम म्हणून पाहिलेला समुद्र येथे आकाशाने नाकारलेल्या माणसाचा आश्रय झाला आहे. याच कादंबरीत श्रीलंकेतील एक बौद्ध महास्थविर देवमाशांच्या कत्तलीला विरोध करतात आणि लेखक त्यांचे म्हणणे गांभीर्याने घेतो. भाल्याने मासे मारण्याचे प्रसंग सहजपणे सांगणाऱ्या सुरुवातीच्या प्रवासवर्णनांत हा विवेक आढळत नाही. तो आधी कादंबरीत अवतरला, ही बाब लक्षणीय आहे.

टायटॅनिकचे अवशेष १९८५ मध्ये सापडले, त्यानंतर पाच वर्षांनी क्लार्क यांनी ‘द घोस्ट फ्रॉम द ग्रँड बँक्स’ ही कादंबरी लिहिली. दोन प्रतिस्पर्धी गट टायटॅनिकचे दोन भाग २०१२ पर्यंत वर काढण्याची तयारी करतात, असे तिचे कथासूत्र आहे. ग्रेट बासेसवरून चांदी आणलेल्या मोहिमेच्या वृत्तांतकाराने या कादंबरीत दोन्ही गटांना अपयश दिले आहे, आणि जहाज तळाशीच राहते.